संघांतील थोरले व धाकटे

फुटबॉलचा संघ निवडणें हें काम वरवर पाहणारास फार सोपें वाटतें. मैदानावर मुलें खेळत असतात. त्यांतील जीं चांगलीं खेळतात तीं घ्यावीं, बाकीचीं सोडून द्यावीं, यांत कठीण तें काय, असें पुष्कळ पालक आम्हांस विचारतात. गेलीं दहा-अकरा वर्षें आमच्या हायस्कुलाच्या फुटबॉल संघाची जबाबदारी आमच्याकडे आहे, आणि आम्ही अनुभवानें सांगूं शकतों कीं, वर्गांत व्याकरण शिकविणें ह्याहून पुष्कळ सोपें आहे. व्याकरणांतील चूक तांबड्या शाईनें दुरुस्त करतां येते. संघ निवडतांना झालेली चूक एखाद्या मुलाच्या मनावर उमटते, आणि तेथें तांबडी शाई चालत नाहीं. आमच्या हातून झालेल्या अशा दोन चुका, व त्यांतून आम्ही काय शिकलों, हें ह्या अंकांत सांगावें असें योजिलें आहे.

मुख्य अडचण आहे ती वयाची. आमच्या संघांत आठवीपासून दहावीपर्यंतचीं मुलें असतात. तेरा व सोळा ह्या आंकड्यांत अंतर तिहींचेंच. परंतु मैदानावर तें एका पिढीएवढें भासतें. सोळा वर्षांच्या मुलाचे खांदे भरलेले असतात, त्यानें मारलेला चेंडू दूरवर जातो, आणि अंगावर धांवून येणाऱ्या गड्यास तो थोपवूं शकतो. तेरा वर्षांचा मुलगा हलका, चपळ, न दमणारा. पडला तरी क्षणांत उठतो. पण त्याचीं हाडें अद्याप वाढत असतात. गुडघ्याच्या वाटीखालीं, जेथें मांडीच्या स्नायूचा ओढा नडगीच्या हाडावर पडतो, तेथें ह्या वयांत पुष्कळ खेळाडू मुलांस दुखूं लागतें. कांहीं काळ खेळ कमी केला कीं बहुधा तें थांबतें. परंतु मुलें संघांतून नांव जाईल ह्या भीतीनें बोलत नाहींत. पालकांनीं हें ध्यानांत ठेवावें. आणखी एक भेद आहे, तो मोजपट्टीनें मोजतां येत नाहीं. सोळा वर्षांच्या मुलास पराभव बहुधा पूर्वीं भेटलेला असतो; तेरा वर्षांच्या मुलास तो कित्येकदां प्रथमच भेटतो.

आतां आमची पहिली चूक. तीन वर्षांपूर्वीं आम्हीं अकराच्या अकरा गडी दहावीचे घेतले. हिशेब सरळ होता : जो मोठा तो बळकट, आणि जो बळकट तो जिंकणार. तो हिशेब खराही ठरला. त्या वर्षीं तालुक्याचा चषक आमच्या शाळेंत आला. मुख्याध्यापकांच्या खोलींतील कांचेच्या कपाटांत तो आजही आहे. स्नेहसंमेलनाच्या दिवशीं आमच्या गळ्यांत हार पडला, आणि तो आम्हीं मान किंचित् पुढें करून घालून घेतला, हेंही येथें कबूल करणें भाग आहे. मार्चमध्यें परीक्षा झाली, आणि अकराच्या अकरा गडी शाळा सोडून गेले. जून महिन्यांतील पहिल्या पावसांत आम्ही मैदानावर उभे राहिलों, तेव्हां आमच्यापाशीं चषक होता, संघ नव्हता.

एका टोकाची चूक कळली कीं मनुष्य बहुधा दुसऱ्या टोकास जाऊन बसतो. आम्हींही तसेंच केलें. ह्या खेपेस सर्व कोंवळीं रोपें लावूं, म्हणजे दोन-तीन वर्षें फळ मिळत राहील, अशी आमची कल्पना. आठवी-नववींतील चपळ मुलें आम्हीं वेंचून काढलीं. गोलरक्षकही आठवींतलाच. अंगानें लहानखुरा, पण मांजरासारखा झेप घेणारा. सरावांत त्याच्या झेपा पाहून आम्ही हरखून गेलों होतों.

त्या वर्षीं दहावींत एक मुलगा होता. आठवीपासून तो रोज सरावास येई. त्याच्यापुढें थोरले गडी असल्यानें दोन वर्षें आम्हीं त्यास राखीव गड्यांत बसविलें होतें. धांवण्यांत तो मंद. परंतु चेंडू कोठें येणार हें त्यास चेंडूच्या आधीं कळे. दोन वर्षें रेषेबाहेर बसून त्यानें प्रत्येक सामना पाहिला होता, आणि सरावांत रोज त्याच चषक जिंकणाऱ्या गड्यांच्या विरुद्ध तो खेळला होता. आतां कोठें त्याची पाळी आली, आणि आम्हीं त्याचें नांव गाळलें. सूचनाफलकावर यादी लागली. ती त्यानें एकदां वरून खालीं व एकदां खालून वर वाचली, आणि कांहीं न बोलतां तो वर्गांत गेला. तो पुन्हां मैदानावर फिरकणार नाहीं असें आम्हांस वाटलें होतें. परंतु दुसऱ्या दिवशीं तो आला. पंप घेऊन चेंडूंत हवा भरीत बसला. त्याच्याकडे पाहवेना म्हणून आम्हीं मान दुसरीकडे वळविली.

पहिल्याच सामन्यांत आमच्यावर सहा गोल झाले. आमच्याकडून एकही झाला नाहीं. परंतु सहा ह्या आंकड्यापेक्षां पहिल्या गोलानंतर जें झालें तें आमच्या अधिक लक्षांत राहिलें आहे. चेंडू जाळ्यांत पडून होता आणि तो बाहेर काढण्यास कोणी जाईना. दहा गडी जागच्या जागीं उभे राहून एकमेकांकडे पाहत होते. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच भाव, कीं चूक माझी नव्हे. शेवटीं तो लहानगा गोलरक्षक स्वतःच वळला, वांकला, आणि जाळ्यांत अडकलेला चेंडू सोडवूं लागला. तेवढ्या वेळांत त्याच्या पाठीवर कोणाचा हात पडला नाहीं. आम्ही रेषेबाहेरून ओरडत होतों. पण बाहेरून ओरडणाऱ्या मास्तरचा मैदानांत उपयोग तो किती! पुढचे पांच गोल त्या पहिल्याच्या पाठोपाठ आले. त्यानंतर तीन दिवस तो मुलगा शाळेंत आला नाहीं.

चौथ्या दिवशीं त्याचे वडील आले. जवळच्या गांवचे शेतकरी. ते भांडावयास आले असावेत अशा समजुतीनें आम्हीं उत्तरें मनांत जुळवून ठेवलीं होतीं. परंतु ते खुर्चीच्या कडेवर टेंकून बसले आणि म्हणाले, "सर, राग मानूं नका. नवा गोऱ्हा औताला धरायचा तर आम्ही त्येला जाणत्या बैलाच्या जोडीला जुपतो. जाणता बैल वळंल तसा गोऱ्हा वळतो, थांबंल तिथं थांबतो. दोन्हीकडं गोऱ्हेच जुपले तर जूं तरी मोडतं, न्हाईतर त्येंचे पाय. तुमी तर अकरा गोऱ्हे जुपले."

आम्हीं मनांत जुळविलेल्या उत्तरांपैकीं एकही त्या वेळीं उपयोगीं पडलें नाहीं. पदवी घेऊन इतकीं वर्षें मुलांस शिकविणाऱ्या आम्हांस जें उमगलें नव्हतें, तें ह्या गृहस्थांनीं चार वाक्यांत सांगितलें. आणि गंमत अशी कीं, हीच गोष्ट फुटबॉलच्या इतिहासांत आम्हीं पूर्वीं वाचलेली होती. वर्गांत मुलांस मोठ्या हौसेनें सांगितलीही होती. पण ती आपल्यासाठीं आहे असें मात्र आम्हांस वाटलें नव्हतें.

ती हकीकत १९५८ सालची, स्वीडन देशांत झालेल्या जागतिक स्पर्धेची. ब्राझीलच्या संघांत पेले नांवाचा १७ वर्षांचा मुलगा होता. त्याचा गुडघा दुखावलेला असल्यानें पहिले दोन सामने तो खेळूं शकला नाहीं. शिवाय संघाबरोबर असलेल्या मानसशास्त्रज्ञाचें मत असें होतें कीं, हा अद्याप पोरकट आहे, ह्याच्यावर एवढा भार टाकूं नये. शिक्षक फेओला ह्यांनीं तें मत बाजूस ठेवून त्यास तिसऱ्या सामन्यांत उतरविलें. उपांत्यपूर्व सामन्यांत वेल्सविरुद्ध एकच गोल झाला, तो पेलेचा. उपांत्य सामन्यांत फ्रान्सविरुद्ध त्यानें तीन गोल केले. येथवरची गोष्ट बहुतेकांस ठाऊक असते, आणि ती ऐकून प्रत्येक बापास वाटतें कीं, आपल्या मुलासही असेंच उतरवावें.

परंतु पेलेच्या भोंवतीं कोण होतें हें कोणी विचारीत नाहीं. त्याच संघांत निल्टन सांतोस हा ३३ वर्षांचा गडी बचावांत होता. १९५० सालीं रिओ येथें उरुग्वेनें ब्राझीलचा २-१ असा पराभव केला, तेव्हां तो राखीव गड्यांत होता. त्या स्पर्धेंत त्यास एकदांही खेळावयास मिळालें नव्हतें. १९५४ सालीं हंगेरीकडून झालेल्या ४-२ ह्या पराभवांत तो व मधल्या फळींतील दिदी असे दोघेही मैदानांत होते. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाच्या मागें व बाजूस असे लोक उभे होते, कीं ज्यांनीं हार पचविली होती.

२९ जून १९५८ रोजीं अंतिम सामना झाला. चौथ्या मिनिटास स्वीडनच्या लिडहोल्मनें गोल केला. त्या स्पर्धेंत ब्राझील प्रथमच मागें पडलें. तेव्हां दिदीनें काय केलें? त्यानें तो चेंडू हातांत घेतला आणि तो धांवला नाहीं. सावकाश चालत, वाटेंत आपल्या गड्यांशीं बोलत, त्यांस धीर देत, तो चेंडू त्यानें मैदानाच्या मध्यावर नेऊन ठेवला. पांचच मिनिटांनीं ब्राझीलची बरोबरी झाली, आणि शेवटीं सामना ५-२ असा त्यांनीं जिंकला. त्यांतील दोन गोल पेलेचे. सामना संपतांच तो मुलगा गोलरक्षक जिल्मार ह्याच्या खांद्यावर डोकें ठेवून रडला. ते दोन गोल सर्वांच्या स्मरणांत आहेत. परंतु जाळ्यापासून मध्यापर्यंतचें तें सावकाश चालणें घडलें नसतें तर त्यांचें काय झालें असतें, ह्याचा विचार आम्ही आमच्या त्या सहा गोलांनंतर प्रथम केला.

येथें कोणी असें समजूं नये कीं, वयानें मोठा तो शहाणा. त्याच सामन्यांत स्वीडनच्या बाजूनें लिडहोल्म ३५ वर्षांचा व ग्रेन ३७ वर्षांचा होता. दोघेही थोर खेळाडू. पण गारिंचाच्या धांवेपुढें त्यांच्या संघाच्या बचावाचा टिकाव लागला नाहीं. पाय नवे लागतातच. उलट, नव्या पायांस कमी लेखणाराही फसतो. १९ ऑगस्ट १९९५ रोजीं मँचेस्टर युनायटेड संघ अ‍ॅस्टन व्हिलाकडून ३-१ असा हरला, तेव्हां अ‍ॅलन हॅन्सन ह्या जुन्या नामांकित खेळाडूनें दूरदर्शनवर असें भाकीत केलें कीं, पोरांच्या जिवावर कांहींही जिंकतां यावयाचें नाहीं. त्या पोरांत वीस वर्षांचे बेकहॅम, स्कोल्स व बट हे होते. त्यांनीं त्या हंगामांत साखळी स्पर्धाही जिंकली व एफ.ए. चषकही. परंतु हें सांगतांना लोक हें विसरतात कीं, त्यांच्या मागें गोलांत श्मायकेल होता, बचावांत चौतीस-पस्तीस वर्षांचा ब्रूस होता, आणि ऑक्टोबरांत कँटोना परत आला होता. भाकीत करणाराची चूक एवढीच, कीं त्यानें पोरें मोजलीं. त्यांचे जोडीदार मोजले नाहींत. १९८२ सालीं इटलीनें माद्रिद येथें जागतिक चषक जिंकला, तेव्हां कर्णधार व गोलरक्षक झोफ ४० वर्षांचा होता, आणि त्याच्यापुढें बचावांत खेळणारा बेर्गोमी १८ वर्षांचा. एकाच बचावांत बावीस वर्षांचें अंतर. पण त्या दोघांमध्यें फट नव्हती.

आमच्या शाळेकडे वळूं. त्या शेतकरी गृहस्थांच्या भेटीच्या दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या दहावींतील मुलास बोलाविलें. शिक्षकानें विद्यार्थ्यापुढें चूक कबूल करणें हें आमच्या लहानपणीं कोणीं पाहिलें नव्हतें, आणि आम्हांसही तें जमलें असें नाहीं. आम्ही एवढेंच म्हणालों, "यादी करतांना आमच्या हातून चूक झाली. हिंवाळ्यांतील स्पर्धेंत तूं गोलापुढें खेळशील काय?" तो कांहीं क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, "खेळेन, सर. पण त्या लहानग्याला काढूं नका. मी त्याच्याशीं बोलतों." त्या मुलाच्या मनांत राग असणें आम्हांस योग्यच वाटलें असतें; त्याच्या मनांत आधीं दुसऱ्याची काळजी आली. दोन वर्षें बाहेर बसून तो काय शिकला होता, तें आम्हांस त्या वाक्यांत दिसलें.

तो त्याच्याशीं काय बोलला हें आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु दुसऱ्या दिवसापासून दोघे बरोबर सरावास येऊं लागले. धाकटा "दादा, डावीकडे!" म्हणून ओरडे, आणि थोरला मान न वळवितां डावीकडे सरके. त्याचे पाय मंद होते खरे. पण धाकट्याचे डोळे त्यास मिळाले, आणि धाकट्यास त्याची पाठ मिळाली. त्या हिंवाळ्यांत आमच्या संघांत दहावीचे चार, नववीचे चार व आठवीचे तीन गडी होते. आम्ही चषक जिंकला असें लिहितां आलें असतें तर बरें वाटलें असतें. तसें झालें नाहीं. उपांत्य सामन्यांत आम्ही २-१ असे हरलों. परंतु त्या दिवशीं आमच्यावर पहिला गोल झाला, तेव्हां थोरला वळला, जाळ्यांतून चेंडू काढला, धाकट्याच्या डोक्यावर टपली मारली, आणि चालत चालत मध्यापर्यंत गेला. आम्हीं त्यास दिदीची गोष्ट सांगितलेली नव्हती. दहा मिनिटांनीं आमची बरोबरी झाली. दुसरा गोल शेवटच्या क्षणीं बसला, त्यास इलाज नव्हता. त्या पराभवानंतर एकही मुलगा शाळेस गैरहजर राहिला नाहीं.

तेव्हांपासून संघ निवडतांना आम्ही आधीं मुलें मोजीत नाहीं, जोड्या मोजतों. निम्मे थोरले व निम्मे धाकटे घेतले म्हणजे मेळ बसला, असें नव्हे. प्रत्येक नव्या मुलाशेजारीं त्यास हांक ऐकूं येईल इतक्या अंतरावर एक जाणता गडी हवा, हा आमचा पहिला नियम. मैदानाचा मध्य, म्हणजे गोल, त्याच्यापुढचा बचाव व मधली फळी, येथें शक्य तों जाणते गडी असावेत, कारण तेथील चुकीस मागें आधार नसतो. दोन्ही कडांना धाकट्यांस मोकळें सोडावें, कारण तेथें धांव लागते, आणि चूक झाली तरी सांवरण्यास वेळ मिळतो. गोलांत धाकटा असेल तर त्याच्यापुढें थोरला हवाच. जाणता कोण, हें मात्र जन्मतारखेवरून ठरवूं नये. जो हरल्यावर दुसऱ्या दिवशीं सरावास आला, तो जाणता. आणि दरवर्षीं आठवींतील निदान दोघे-तिघे संघांत असलेच पाहिजेत, मग त्यासाठीं एखादा सामना गमवावा लागला तरी चालेल. नाहीं तर जूनमध्यें पुन्हां चषक असेल आणि संघ नसेल.

हा शेवटचा नियम आमच्याच व्यवसायांतील एका थोर पुरुषाच्या कार्यावरून अधिक स्पष्ट होईल. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शिक्षक; त्यांनीं घडविलेला भारताचा संघ १९५६ सालीं मेलबर्न येथील ऑलिंपिकमध्यें चौथा आला. त्या संघांत प्रदीपकुमार बॅनर्जी व तुलसीदास बलराम हे विशीच्या उंबरठ्यावरील तरुण होते. सहा वर्षांनीं, १९६२ सालीं, जकार्ता येथें आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत दक्षिण कोरियास २-१ असें हरवून भारतानें सुवर्णपदक मिळविलें, तेव्हां हेच दोघे संघांतील जाणते झाले होते, पहिला गोल बॅनर्जींचा होता, आणि कर्णधार चुनी गोस्वामी २४ वर्षांचे होते. आजाराशीं झगडत रहीम ह्यांनीं तो संघ तयार केला; पुढच्याच वर्षीं, १९६३ सालीं, कर्करोगानें ते वारले. धाकट्यांस थोरले होण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ देणें हेंच शिक्षकाचें काम, हें त्यांच्या उदाहरणावरून दिसतें.

पालकांस आमची एक विनंती आहे. यादींत आपल्या मुलाचें नांव नसेल तर तो निकालांत निघाला असें समजूं नये. आणि नांव असेल तर तो पेले झाला असेंही समजूं नये. घरीं आल्यावर "किती गोल केलेस?" ह्याबरोबर "कोणाच्या शेजारीं खेळलास?" हेंही त्यास विचारावें. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यांत जे थोरले आहेत त्यांनीं हें ओळखावें कीं, अनुभव स्वतःजवळ सांठवून ठेवला तर तो मार्चमध्यें तुमच्याबरोबर शाळेबाहेर जातो. धाकट्यास दिला तर येथेंच राहतो.

तो दहावींतील मुलगा आतां तंत्रशाळेंत शिकत आहे. सुटीच्या दिवशीं संध्याकाळीं कधीं कधीं मैदानावर येतो, आणि अजूनही आधीं पंप शोधतो. तो आठवींतील गोलरक्षक ह्या वर्षीं दहावींत आहे. गेल्या महिन्यांतील सामन्यांत आठवींतील एका नवख्या मुलाच्या पायाखालून चेंडू निसटला आणि आमच्यावर गोल झाला. तो मुलगा खालीं मान घालून उभा राहिला. गोलरक्षकानें जाळ्यांतून चेंडू काढला, त्याच्याजवळ गेला, तो चेंडू त्याच्या हातांत दिला, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून त्यास मध्याच्या दिशेनें चालवीत नेलें. आम्ही नेहमींप्रमाणें रेषेबाहेर उभे होतों. ओरडण्यासाठीं उघडलेलें तोंड आम्हीं मिटून घेतलें.